पदवी नसलेल्यांचा व्हिसा आणि कागद नसलेले श्रम

बारावीनंतर कॉलेज सुटले पण काम सुटले नाही, असे तरुण आपल्या वस्त्यांमध्ये किती आहेत हे कुणाला वेगळे सांगायला नको. कुणाचे वडील वारले. कुणाची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून कॉलेजने फी मागितली आणि त्याने नाव काढले. कुणी दुसऱ्या वर्षाला इंग्रजीत अडकला तो अडकलाच. हेच तरुण आज कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात, नेटवर्क टाकतात, सीएनसी मशीन चालवतात, वेबसाइट बांधतात. परदेशातल्या नोकरीचा विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले असते, "आपल्याकडे डिग्री कुठे आहे भाऊ?"

हे उत्तर अर्धे चुकीचे आहे. आणि जे अर्धे बरोबर आहे, त्याचा डिग्रीशी संबंध नाही.

आम्हाला हा विषय अचानक सुचला नाही. ग्रंथालयात संध्याकाळी बसणाऱ्या पोरांपैकी एकाने विचारले की पदवी नसताना 'प्रोफेशनल' व्हिसा मिळतो हे खरे का, की एजंट थापा मारतोय? आम्हालाही माहीत नव्हते. चळवळीत वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसांना माहीत नव्हते, कारण परदेश म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर कोलंबिया विद्यापीठ येते, शिष्यवृत्ती येते, पीएचडी येते. प्लंबर येत नाही, नेटवर्क टेक्निशियन येत नाही. तेव्हा आम्ही बसून वेगवेगळ्या देशांचे नियम वाचले. जे हाती लागले ते पुढे मांडतो आहोत.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण पोरांच्या तोंडी नाव तिचेच असते. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी लागते, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नियम 'पदवी किंवा तिच्या तोडीचे' असे म्हणतो आणि तोडीचे म्हणजे काय तेही लिहून ठेवतो. कॉलेजचे एक वर्ष कमी असेल तर त्या जागी त्याच विषयातल्या विशेष प्रशिक्षणाची किंवा कामाची तीन वर्षे मोजायची. त्यांच्याकडे पदवी चार वर्षांची. म्हणजे कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला बारा वर्षांचा अनुभव दाखवता आला, तर कायद्याच्या नजरेत तो पदवीधराच्या तोडीचा होऊ शकतो. दोन वर्षे कॉलेज करून सोडले असेल तर सहा वर्षे. आपली तीन वर्षांची बीएस्सी ते बहुधा तीनच वर्षांची धरतात, म्हणून आपल्या पदवीधरालाही चौथ्या वर्षाची भरपाई कामातून करावी लागते. आपल्या पोरांना हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते आम्ही पाहिले आहे. बारा वर्षे? आमच्यातल्या निम्म्यांनी तेवढे काम तिशीच्या आतच केलेले असते. सोळाव्या वर्षी हाताखाली लागलेला पोरगा अठ्ठाविसाव्या वर्षी बारा वर्षांचा अनुभवी असतो.

पण खाली बारीक अक्षरांत जे लिहिले आहे ते वाचा. ही वर्षे कशीही मोजली जात नाहीत. त्या कामात विषयाच्या सिद्धांताचा आणि प्रत्यक्ष कौशल्याचा वापर झाला पाहिजे. ते काम ज्यांच्या सोबत, ज्यांच्या हाताखाली किंवा ज्यांना हाताखाली घेऊन केले, त्या माणसांकडे त्या विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता असली पाहिजे. आणि शिवाय तुमच्या कौशल्याची ओळख पटवणारा पुरावा हवा. तो कोणता? त्याच क्षेत्रातल्या किमान दोन मान्यवर तज्ज्ञांनी दिलेली पावती, नाहीतर व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व, नाहीतर तुमच्याविषयी किंवा तुम्ही लिहिलेले व्यावसायिक नियतकालिकात अथवा मोठ्या वर्तमानपत्रात छापून आलेले काही, नाहीतर व्यवसायाचा परवाना. अनुभवाचे श्रेय विद्यापीठातल्या माणसाकडूनही मोजून घेता येते, पण तो अशाच विद्यापीठातला हवा जिथे अनुभवाला श्रेयांक देण्याची रीतसर योजना आहे आणि त्याला स्वतःला तसा अधिकार आहे. बाजारात 'इव्हॅल्युएशन' विकणाऱ्या संस्था आहेत, त्यांचे मत फक्त शिक्षणापुरते धरले जाते, अनुभवापुरते नाही. एजंट हे सांगत नाही. पैसे घेतो आणि बारा वर्षांची पदवी करून देतो म्हणतो.

आता हा नियम आपल्या जमिनीवर ठेवून बघा. तुम्ही कुणाच्या सोबत काम केले? कायदा साध्या भाषेत विचारतो आहे की तुम्ही कुणाच्या पंगतीला बसला होता ते सांगा. अमेरिकेत नियम लिहिणाऱ्यांच्या मनात जात नव्हती, हे आम्ही मान्य करतो. त्यांना एवढेच बघायचे होते की माणूस खरोखर पदवीच्या पातळीचे काम करत होता की नुसते वायर ओढत होता. पण पाणी उताराकडेच जाते. ज्या देशात कुणी कुठले काम करावे हे जन्माने ठरवले गेले, बाबासाहेबांच्या शब्दांत सांगायचे तर श्रमांची नव्हे श्रमिकांची विभागणी झाली, तिथे पदवीधरांच्या शेजारची खुर्ची कुणाला मिळते? कंपनीच्या रोलवर असलेला इंजिनीअर आणि कंत्राटदाराकडून आलेला आपला पोरगा एकाच सर्व्हर रूममध्ये एकच काम करतात. बिघाड झाला की इंजिनीअर आपल्या पोरालाच फोन करतो, कारण कुठली केबल कुठे जाते हे त्यालाच ठाऊक असते. पण दुरुस्तीच्या अहवालावर नाव इंजिनीअरचे असते. बारा वर्षांनी तज्ज्ञाची पावती लागेल तेव्हा देणारा तोच इंजिनीअर असतो. तो देईल का? कधी देतोही. माणसे सगळीकडे आहेत. पण ज्याचा मामा त्याच कंपनीत मॅनेजर आहे त्याला हा प्रश्नच पडत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की पदवीची अट काढली म्हणजे समता आली असे नाही. पदवीच्या जागी 'ओळख' बसते, आणि आपल्या देशात ओळख ही जातीची मालमत्ता आहे. पदवी निदान परीक्षेला बसून मिळवता येते. पेपर तपासणाऱ्याला तुमचा नंबर दिसतो, आडनाव दिसत नाही.

एच-१बीविषयी आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर आम्हीही एजंटासारखे अर्धे सांगणारे ठरू. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी वेगळ्या २०,००० जागा, त्यासाठी सोडत, हे आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याची अट घातली. पदवी नसलेल्या भारतातल्या तरुणासाठी एखादी कंपनी एवढे पैसे मोजेल अशी आशा धरून बसणे म्हणजे स्वतःला फसवणे. दुसरे असे की तीन वर्षांचे एक वर्ष हा हिशोब याच व्हिसापुरता आहे. पुढे ग्रीन कार्डाच्या वरच्या वर्गाला खरी पदवीच लागते, अनुभव जोडून बनवलेली चालत नाही. दार उघडते पण माजघरात जाता येत नाही. मग एवढे सविस्तर का सांगितले? कारण 'पदवीच्या तोडीचे' म्हणजे काय हे जेवढे स्पष्ट या नियमात लिहिले आहे तेवढे आम्हाला दुसरीकडे दिसले नाही, आणि आपल्याला नेमके काय कमी पडते ते इथे उघडे दिसते.

जपानचा नियम याहून सरळ आहे. तिथे अभियंता म्हणून राहण्याचा परवाना घ्यायला संबंधित विषयातली पदवी हवी, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव. संगणक क्षेत्रासाठी मात्र तिसरी वाट आहे. जपानच्या कायदा मंत्रालयाने मान्य केलेल्या संगणक-परीक्षांपैकी एखादी उत्तीर्ण असाल, तर पदवीची अट नाही आणि दहा वर्षांचीही नाही. त्या परीक्षांच्या यादीत भारतातल्या डोएक संस्थेच्या ए, बी आणि सी लेव्हल आहेत. डोएक म्हणजेच आजची नाइलिट, केंद्र सरकारची संस्था. ओ लेव्हल त्या यादीत नाही, पण बारावीनंतर ओ लेव्हल आणि तिथून पुढे ए लेव्हल असा पदवीशिवायचा जिना आहे. जपानी कंपनीची नोकरी हातात हवी, पगार तिथल्या माणसाइतका हवा, आणि भाषा कायद्याने मागितली नाही तरी व्यवहारात मागितली जातेच. तरीही विचार करा. ना इंजिनीअरिंग कॉलेजची लाखांची फी, ना मान्यवरांच्या पावत्या. परीक्षा द्या, पास व्हा.

आणि ही नाइलिट आहे कुठे? महाराष्ट्रातले तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपली घरे जळली, आपली माणसे मारली गेली, १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे आपण लढलो, त्याच आवारात. दरवर्षी १४ जानेवारीला लाखो लोक विद्यापीठाच्या गेटवर जातात, आम्हीही जातो. गेटला वंदन करतो, पुस्तकांच्या स्टॉलवरून फिरतो, भाषणे ऐकतो, परत येतो. आतमध्ये पदवी नसलेल्या पोराला टोकियोपर्यंत नेऊ शकणारी परीक्षा आहे, हे कुठल्याही भाषणात आम्ही ऐकले नाही. आम्हीही कधी सांगितले नाही. हा दोष आमचा धरा.

जर्मनीने गेल्या काही वर्षांत कायदा बराच सैल केला, कारण तिथे माणसेच कमी पडत आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून संगणक क्षेत्रातल्या माणसाला पदवी नसली तरी युरोपियन ब्लू कार्ड मिळू शकते. गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या पातळीचा अनुभव, हातात नोकरी, आणि ठरावीक पगार. ही पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते, २०२५ साली ती वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती. संगणकाबाहेरच्या कामांसाठी मार्च २०२४ पासून आणखी एक वाट आहे. आपल्या देशाने मान्य केलेले निदान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव. जून २०२४ पासूनच्या संधी कार्डावर नोकरी हातात नसतानाही शोधायला जाता येते, त्यालाही दोन वर्षांचे मान्य प्रशिक्षण पुरते. दोन वर्षांचे मान्य प्रशिक्षण म्हणजे काय हे आपल्या पोरांना समजावून सांगायला नको. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड. ज्या आयटीआयला घरातले 'डिग्रीला नंबर लागला नाही म्हणून टाकला' असे म्हणतात तीच. अर्थात संधी कार्डासाठी जर्मन किंवा इंग्रजी भाषेचे प्रमाणपत्र लागते, आणि शोधाच्या काळात स्वतःचा खर्च चालेल एवढी रक्कम बँकेत दाखवावी लागते. महिन्याला हजार युरोंहून अधिक, असे वर्षभराचे. मजुराच्या घरात एवढे पैसे कुठून येणार? म्हणजे पदवीची अट गेली आणि भांडवलाची आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याचा गाजावाजाही झाला. त्या योजनेतून अनुसूचित जातीच्या किती तरुणांनी भाषेचा वर्ग पूर्ण केला आणि किती प्रत्यक्ष गेले, हा आकडा जिल्ह्याजिल्ह्यात माहिती अधिकारात मागायला आपल्या कार्यकर्त्यांना कुणी अडवलेले नाही.

ब्रिटनचे थोडक्यात सांगतो. तिथल्या कुशल कामगार व्हिसाला जुलै २०२५ पासून पद पदवीच्या पातळीचे लागते. पद, माणूस नव्हे. उमेदवाराकडे पदवी असलीच पाहिजे असा त्या व्हिसाचा नियम नाही. पण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर नेली आहे, म्हणजे वाट आहे पण चढ मोठा.

इथे आपल्यातले ज्येष्ठ लोक अस्वस्थ होतील, आणि ते साहजिक आहे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि तुम्ही पदवीशिवाय चालते म्हणून सांगता? 'डिग्रीची गरज काय, स्किल शिका' हा उपदेश आपल्याला कुठून येतो हेही आम्हाला माहीत आहे. जे हा उपदेश करतात ते स्वतःच्या पोराला आयआयटीच्या क्लासला घालतात आणि आपल्या पोराला पकोडे तळायला सांगतात. त्या उपदेशाच्या आम्ही विरोधात आहोत. ज्याला पदवी घेता येते त्याने घ्यावी, अर्धवट राहिलेली पूर्ण करावी. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून करता येते आणि वर सांगितलेल्या प्रत्येक हिशोबात तिचा फायदाच होतो. आमचे म्हणणे त्या पोराबद्दल आहे ज्याची पदवी व्यवस्थेने आधीच हिसकावली आहे. त्याला आपण काय सांगतो? शिष्यवृत्ती? केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा साऱ्या देशासाठी, त्याही पदव्युत्तर आणि पीएचडीला. त्यात पारंपरिक कारागीर आणि भूमिहीन शेतमजूर या वर्गाला मिळून जागा किती? चार. आणि त्या चारांनाही आधी पदवी हवीच. म्हणजे परदेशाच्या बाबतीत सरकारने आपला विचार केला तो फक्त पदवीधरापुरता, आणि चळवळीनेही तेवढाच केला.

बाबासाहेबांनी मात्र तेवढाच केलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वर्षांत त्यांच्या मजूर खात्याकडे बेव्हिन प्रशिक्षण योजना होती. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाची ही योजना १९४१ साली सुरू झाली होती. भारतातले तरुण कामगार तिच्यातून ब्रिटनला जात, तिथल्या कारखान्यांत हातचे काम शिकत, ब्रिटिश कामगारांच्या खांद्याला खांदा लावून राहत आणि परत येत. हे लोक बॅरिस्टर व्हायला गेले नव्हते, लेथवर काम करणारे होते. आपल्या जयंतीच्या भाषणांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स असते, ग्रेज इन असते, असलेच पाहिजे. पण मजूरमंत्री आंबेडकर असले तर कामाच्या कालावधीपुरते असतात, आणि कामगार परदेशी जातो ही गोष्ट त्यांच्याच खात्याच्या कारभारात होती हे कुणी बोलत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जपानची दहा वर्षे, जर्मनीची तीन किंवा दोन, अमेरिकेची बारा, सगळीकडे एक गोष्ट समान आहे. वर्षे सिद्ध करावी लागतात. कंपनीच्या लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या पदावर, नेमके काय काम केले, पूर्णवेळ की अर्धवेळ, खाली सही करणाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क. आमच्या ग्रंथालयातल्या त्या पोराकडे नऊ वर्षांचा अनुभव आहे. एका बड्या कार्यालयात तो नेटवर्क सांभाळतो. त्याच्याकडे या नऊ वर्षांचा एकही कागद नव्हता. पहिली चार वर्षे पगार रोख. नंतर कंत्राटदार तीनदा बदलला, माणूस तोच, खुर्ची तीच, पण प्रत्येक वेळी नवा कंत्राटदार त्याला 'नवीन' दाखवतो. पीएफच्या पासबुकात दोन वर्षांचा खाडा आहे. आणि त्याच्या पदाचे नाव एका ठिकाणी 'हेल्पर', दुसऱ्या ठिकाणी 'हाउसकीपिंग स्टाफ' असे आहे. नेटवर्क सांभाळणारा हाउसकीपिंग स्टाफ! कारण त्या नोंदीवर किमान वेतन कमी पडते. ही चलाखी कंत्राटदाराचे महिन्याचे काही रुपये वाचवते आणि त्याच्या आयुष्यातली नऊ वर्षे पुसून टाकते. कुठल्याही दूतावासासमोर तो नऊ वर्षे झाडू मारत होता असेच कागद सांगतात.

आमच्या मते हा कागदाचा प्रश्न मुळात श्रमाच्या मालकीचा प्रश्न आहे. श्रम त्याने केले, पण त्या श्रमाची साक्ष मालकाच्या कपाटात. जुन्या कायद्यानेही ही साक्ष सगळ्यांना दिली नव्हती. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालचे जे नमुना आदेश आहेत, त्यांत नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क लिहिला आहे, पण तो 'कायम' कामगाराला. आपली माणसे कायम कधी होती? २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांच्यावर आमचे आक्षेप अनेक आहेत, कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या त्याला आमचा पाठिंबा आहे. पण त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत एक कलम कामाचे आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे ते म्हणते. शत्रूच्या घरातली तलवार म्हणून ती टाकून द्यायची नसते. आस्थापनेला विचारा, कंत्राटदाराला विचारा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नेमणूकपत्रावर पद 'हेल्पर' लिहिले असेल तर तिथेच हरकत घ्या. दहा वर्षांनी घेऊन उपयोग नाही.

जुन्या वर्षांचे काय करायचे? जेवढे जमेल तेवढे जमवायचे. पगार ज्या खात्यात आला त्या बँकेचे उतारे, पीएफ पासबुक, गेट पास, ओळखपत्र, साहेबाने रात्री अकरा वाजता 'सर्व्हर बघ' म्हणून पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेश, कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाचा कागद. मूळ कागद मिळतच नसेल तर माहितगार व्यक्तींची शपथपत्रे अमेरिकेचा नियम विचारात घेतो. कंपनी सोडून गेलेला चांगला इंजिनीअर आज कुठे आहे ते शोधा, त्याला लिहायला सांगा. त्याला आता कुणाची भीती नसते.

आणि एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. खोटा कागद बनवू नका. शहराशहरांत अनुभवपत्रे विकणारी दुकाने आहेत, पदव्या विकणारीही आहेत. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी महत्त्वाची बाब खोटी सांगितल्याचे सिद्ध झाले तर त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. श्रीमंताचा पोरगा अडकला तर वकील करतो. आपला अडकला तर घर, दागिने, बहिणीच्या लग्नाचे पैसे, सगळे एजंटाकडे गेलेले असते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क घेता येते ते ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच. दोन लाख, पाच लाख मागणारा पावती देत नाही, त्याचे कारण हेच. दहावी न झालेल्यांनी आणखी सावध राहायचे. त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असते, म्हणजे आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते. काही एजंट ती चुकवण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवतात आणि तिथे पोचल्यावर माणूस कुणाचाच राहत नाही.

आमचा प्रस्ताव साधा आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जे खर्च होते त्यातले थोडे काढून वस्तीच्या विहारात एक टेबल मांडा. एक फाइल, एक स्कॅनर, इंग्रजीत अर्ज लिहू शकणारी एक मुलगी. आपल्या वस्त्यांत अशा मुली भरपूर आहेत. कामावर असलेल्या प्रत्येकाने तिथे यायचे, कधीपासून कुठे काय काम केले ते लिहून घ्यायचे आणि कुठला कागद कमी आहे ते बघून त्याच आठवड्यात मालकाकडे अर्ज टाकायचा. एकट्याने मागितला तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे. एकाच कंत्राटदाराकडच्या चौदा जणांनी मिळून मागितला तर तो चौदांना काढणार नाही, त्याला उद्या साइट चालवायची असते. संघटना म्हटले की आपल्याला मोर्चाच आठवतो. मोर्चा काढावा लागला तर काढू.

त्या पोराचे काय झाले असे विचाराल. त्याने आणि त्याच्याबरोबरच्या सहा जणांनी कंत्राटदाराकडे लेखी अर्ज दिला. तीन आठवडे काही नाही. मग एके दिवशी कंत्राटदाराच्या पोऱ्याने त्याच्या हातात एक कागद दिला. दोन ओळींचा, शिक्का आहे, सही आहे, पद 'हेल्पर', आणि सुरुवातीची तारीख पाच वर्षे अलीकडची. तो कागद घेऊन तो संध्याकाळी ग्रंथालयात आला, आम्ही सगळ्यांनी वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत पाठवला आहे, सोबत योग्य तारीख, योग्य पद आणि कामाचे वर्णन लिहिलेला नवा मसुदा आणि आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स. नाइलिटच्या पुढच्या परीक्षेचा फॉर्मही त्याने भरला आहे.